चिनी मातीचा वेडा मुंबईकर

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

हॉस्टेलवर आण्याचं नाव काढलं की सगळ्यांना एकच गोष्ट आठवते, आमटी-भाकरी. रंगदास स्वामींच्या यात्रेतल्या त्या मोठाल्या कढया आणि ती झणझणीत आमटी. त्यावर कधीतरी कुणीतरी लिहीलच, म्हणून मी आमच्या आण्याच्या घरातल्या दुसऱ्याच वस्तूपासून सुरुवात करते. ती म्हणजे आजीची लोणच्याची बरणी. वरचा भाग तपकिरी, खालचा पांढरा, तोंडाला फडकं बांधलेलं. तुमच्याही घरी असेल. तिला हात लावायचा तर आधी अंघोळ आणि मग परवानगी! आजी तिला चिनी मातीची बरणी म्हणते. लहानपणी मला वाटायचं, चीनमधून कुणीतरी ट्रक भरून माती आणत असेल आणि इथे कुंभार तिच्या बरण्या करत असतील.

संपादक मंडळाने या वर्षी थोरांची चरित्रे असा विषय दिला. विश्वेश्वरय्या, कलाम, जेआरडी आधीच वाटून झाले होते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे मराठीत लेख म्हटल्यावर आधीच पोटात गोळा येतो, त्यात विषय पण उरला नाही. शेवटी बरणीच कामी आली. चिनी मातीबद्दल वाचता वाचता मला एक असा माणूस भेटला की ज्याचं नाव या विषयातल्या जगभरच्या अभ्यासकांना तोंडपाठ आहे, आणि ज्या शहरात तो जन्मला त्या मुंबईत मात्र फारसं कुणाला माहीत नाही. सर पर्सिव्हल डेव्हिड. चीनच्या बाहेर एका माणसाने जमवलेला जुन्या चिनी भांड्यांचा सर्वांत नामांकित संग्रह त्यांचा. सुमारे १७०० वस्तू!

डेव्हिड यांचा जन्म २१ जुलै १८९२ रोजी मुंबईत झाला. घराणं बगदादी ज्यू. पुण्यात राहणाऱ्यांना हा समाज वेगळा सांगायला नको. ससून हॉस्पिटल आणि कॅम्पातलं लाल देऊळ रोजच्या पाहण्यातलं असतं, ते याच समाजाच्या डेव्हिड ससून यांच्या पैशातून उभं राहिलं. पर्सिव्हल यांची आई हॅना ही त्याच ससून घराण्यातली. तिचे वडील एलियास ससून १८४४ साली व्यापारासाठी चीनला गेले होते. पर्सिव्हल यांचे वडील सर ससून डेव्हिड यांची मुंबईत मोठी पेढी होती. १९०६ साली बँक ऑफ इंडिया सुरू करणाऱ्यांमध्ये ते पुढे होते आणि तिचे पहिले अध्यक्षही तेच. माझं स्कॉलरशिपचं खातं त्याच बँकेत आहे. पासबुक इतक्यांदा उघडलं, पण ही बँक कुणी काढली हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता.

त्या काळी मुंबईहून चीनला काय जायचं? कापूस, सूत आणि अफू. हे स्पष्ट लिहायलाच पाहिजे. मुंबईतल्या त्या वेळच्या कितीतरी मोठ्या घराण्यांचा पैसा चीनच्या व्यापारातून आला, आणि त्या व्यापारात अफूचा वाटा मोठा होता. परत येताना जहाजं चहा, रेशीम आणि चिनी भांडी आणायची. पारशी घरांतल्या बायकांच्या गारा साड्या आणि काचेच्या कपाटातल्या मोठ्या चिनी फुलदाण्या याच वाटेने आल्या. म्हणजे पर्सिव्हल डेव्हिड यांना चिनी भांड्यांचं वेड लागलं ते काही आकाशातून पडलं नाही. ज्या देशाशी घरचा धंदा होता, त्याच देशाच्या वस्तू ते जमवू लागले.

आणि लागले तरी कधी? १९१३ च्या सुमारास. म्हणजे वय वर्षे एकवीस! माझ्यापेक्षा एकच वर्ष मोठे. त्या वयात आपण बॅकलॉग जमवतो.

आता थोडं टेक्निकल. (मेकॅनिकलवाल्यांनी हा भाग वगळू नये, मटेरियल सायन्सच्या व्हायव्हाला उपयोगी पडेल.) आजीची बरणी आणि डेव्हिड यांच्या फुलदाण्या यांना मराठीत आपण एकच शब्द वापरतो, पण दोन्हींत फार फरक आहे. अस्सल चिनी पोर्सेलिनला दोन गोष्टी लागतात. एक केओलिन नावाची पांढरी शुभ्र माती आणि दुसरा फेल्डस्पार व अभ्रक असलेला एक दगड कुटून केलेली भुकटी. हे मिश्रण साधारण १३०० अंश सेल्सिअसला भाजलं की दगडाचा भाग वितळून काचेसारखा होतो आणि मातीला आतून घट्ट धरतो. म्हणून ते भांडं पातळ असूनही कडक असतं, टिचकी मारली तर खणकन वाजतं आणि उजेडासमोर धरलं तर आरपार उजेड दिसतो. चीनमधल्या जिंगदेझेन या गावी हे काम शेकडो वर्षं चाललं. युरोपला हे जमत नव्हतं. सॅक्सनीच्या राजाने ब्योटगर नावाच्या एका किमयागाराला सोनं बनव म्हणून डांबून ठेवलं होतं. सोनं काही झालं नाही, पण त्याला १७०८ च्या सुमारास पोर्सेलिनची कृती सापडली. प्रोजेक्ट फसला तरी बायप्रॉडक्ट चांगलं निघतं ते असं.

चित्रांची गंमत तर अजून वेगळी. पांढऱ्यावर निळं चित्र जे आपण पाहतो, तो रंग कोबाल्टचा. कुंचल्याने काढताना तो काळपट दिसतो, निळा होतो तो भट्टीतच. भांडं नुसतं वाळवलेलं असताना त्यावर चित्र काढतात, आणि कच्ची माती टीपकागदासारखी रंग शोषून घेते. म्हणजे एकदा रेघ ओढली की ओढली, खोडाखोड नाही. मग वरून झिलई आणि मग भट्टी. कारण कोबाल्टला एवढी उष्णता सोसते. लाल, पिवळा, हिरवा, गुलाबी हे नाजूक रंग तिथे टिकत नाहीत. ते झिलई पक्की झाल्यावर तिच्यावर लावायचे आणि पुन्हा साधारण ७०० ते ८०० अंशांना भाजायचे. मिंग काळात एक प्रकार निघाला त्यात दोन्ही पद्धती एकत्र केल्या. आधी निळी बाह्यरेषा, वर झिलई, भाजणी, मग त्या रेषांच्या आत रंग भरून पुन्हा भाजणी. एका कपासाठी दोनदा भट्टी! चेंगह्वा बादशहाच्या काळातले (१४६५ ते १४८७) कोंबडा, कोंबडी आणि पिल्लं काढलेले इवलेसे कप यातलेच. २०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात असा एक कप २८ कोटींहून जास्त हाँगकाँग डॉलरला गेला आणि घेणाऱ्याने त्यातून चहा पिऊन दाखवला. असा एक कप डेव्हिड यांच्याकडेही होता. त्यांनी त्यातून चहा प्यायला असेल असं मला वाटत नाही. तो माणूसच वेगळा होता.

वेगळा म्हणजे कसा, तेच या लेखात सांगायचं आहे. पैसेवाले लोक सुंदर दिसतं म्हणून घेतात. डेव्हिड यांना सुंदर तर हवंच असे, पण त्याहून त्यांना पुरावा हवा असे. भांड्यावर काही लिहिलेलं आहे का, तारीख आहे का, कुणासाठी केलं ते आहे का, हे ते आधी बघत.

यात एक मोठी अडचण होती. चिनी भांड्याच्या तळाशी बऱ्याच वेळा सहा अक्षरं असतात. अमुक राजवंशाच्या अमुक बादशहाच्या काळात केलं, एवढाच त्यांचा अर्थ. अक्षरं वाचली की तारीख मिळाली, काम संपलं असं आपल्याला वाटेल. पण तसं नाही! जुन्या चांगल्या बादशहाचं नाव नव्या भांड्यावर घालायची तिथे सर्रास पद्धत होती. ती फसवणूकच असे असंही नाही, कित्येकदा तो जुन्या कारागिरांना केलेला नमस्कार असे. १६७७ साली तर जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने चालू बादशहा कांगशी याचं नाव भांड्यावर घालायला बंदी केली होती, भांडं फुटून बादशहाच्या नावाचे तुकडे उकिरड्यावर पडू नयेत म्हणून. मग कारागिरांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगह्वाचं नाव घालायला सुरुवात केली. म्हणजे शिक्का दोनशे वर्षं जुना आणि भांडं नवं. शिक्क्यावर विसंबणारा गिऱ्हाईक बुडालाच. म्हणून जाणकार भांडं उलटं करून आधी शिक्का नाही, तर बूड बघतात. जिथे झिलई नसते ती कड कशी घासलीय, माती कशी दिसते, झिलईत बुडबुडे कसे आहेत, निळा रंग कुठे साचून काळा पडलाय.

डेव्हिड यांनी यावर जो उपाय केला तो मला सगळ्यांत आवडला. ते चिनी शिकले. बाजारातलं बोलणं नाही, जुने ग्रंथ वाचण्यापुरतं पुस्तकी चिनी. शेकडो वर्षांपूर्वीच्या चिनी संग्राहकांनी भांड्यांबद्दल काय लिहून ठेवलंय ते त्यांना मुळातून वाचायचं होतं. ज्याच्याकडे इतका पैसा आहे तो एखादा दुभाषी नेमेल आणि मोकळा होईल. (मी जर्मन भाषेचा क्लास दोन महिन्यांत सोडला, त्यामुळे मला याची किंमत कळते.) मिंग काळाच्या सुरुवातीचा असा एक प्रसिद्ध ग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणला. तो छापून आला १९७१ साली, म्हणजे ते गेल्यावर सात वर्षांनी.

१९२० च्या दशकात ते चीनला गेले. तो काळच विचित्र होता. १९१२ मध्ये शेवटच्या बादशहाने गादी सोडली होती. १९२४ साली त्याला राजवाड्यातूनही बाहेर काढलं आणि १९२५ मध्ये त्या राजवाड्याचं संग्रहालय झालं. पुढच्या काही वर्षांत तिथली भांडी नीट मांडण्यासाठी डेव्हिड यांनी सल्लाही दिला आणि पैसाही. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी, की राजघराण्याने कर्जापोटी पेकिंगच्या एका बँकेत आपल्या वस्तू तारण ठेवल्या होत्या. कर्ज काही फिटलं नाही. १९२७ च्या सुमारास बँकेने त्या विकायला काढल्या आणि डेव्हिड यांनी त्यातली सुमारे चाळीस भांडी घेतली. त्यांच्या संग्रहाला राजवाड्याचा दर्जा आला तो या व्यवहारामुळे.

हे वाचताना मी जरा थांबले. मी इंजिनिअरिंगला आले त्या वर्षी फीसाठी आईची मोहनमाळ तारण ठेवली होती. पुढच्या साली कांद्याला भाव आला तेव्हा ती सुटली. मधल्या वर्षात लग्नाकार्याला आई गळ्यात नुसतं मंगळसूत्र घालून जायची आणि कुणी विचारलं तर लॉकरमध्ये आहे म्हणायची. तारण या शब्दात काय काय असतं ते घरात पाहिलेलं आहे. डेव्हिड यांनी कुणाला फसवलं नाही, चोरी केली नाही, बँकेला रोख पैसे मोजले. कायद्याने सगळं बरोबर. तरीपण एका देशाची मोहनमाळ सुटली नाही आणि ती लंडनला गेली, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्यांनी घेतली नसती तर दुसऱ्या कुणी घेतली असती, आणि मग ती दहा घरांत विखुरली असती, असंही एक मन म्हणतं. त्या वर्षांत पेकिंगमधून जे काय बाहेर चाललं होतं ते पाहता हे दुसरं मन अगदीच चुकीचं नसावं. आमच्या रूमवर यावर रात्री दीडपर्यंत वाद झाला. माझी रूममेट म्हणते की गिऱ्हाईक असतं म्हणूनच माल विकायला निघतो. तिचंही खरंच आहे. निकाल लागला नाही.

आता त्या दोन फुलदाण्या. डेव्हिड यांचं नाव ज्यांच्यामुळे अजरामर झालं त्या.

उंची दोन फुटांहून थोडी जास्त. पांढऱ्यावर निळं काम. मधोमध ढगांतून जाणारा चार पायांचा ड्रॅगन, वर फिनिक्स पक्षी, त्याच्या वर केळीच्या पानांसारखी पानं. मानेला दोन बाजूंना कान आहेत, आणि ते कान म्हणजे हत्तीची मुंडकी! सोंडेसकट. आणि एका फुलदाणीच्या मानेवर, पानांच्या मधे, निळ्या अक्षरांत लेख आहे. दुसरीवरही तसाच, थोडा फरक. त्याचा मथितार्थ असा, की युशान भागातला झांग वेनजिन नावाचा एक भाविक देवळाला एक धुपाटणं आणि फुलदाण्यांची जोडी अर्पण करत आहे, घरादाराला सुखशांती लाभावी म्हणून. खाली तारीख. आपल्या हिशोबाने ती येते १३ मे १३५१.

आपल्या देवळांत घंटेवर नाही का लिहिलेलं असतं, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ अमुककडून सप्रेम भेट? ट्यूबलाइटवरसुद्धा लिहितात आणि मग उजेडच पडत नाही. आपण त्याला हसतो. पण या झांगभाऊने ते लिहिलं नसतं तर चिनी मातीच्या इतिहासाचं एक पान कोरंच राहिलं असतं.

कारण असं की तोपर्यंत निळं काम म्हणजे मिंग राजवटीचं असंच बहुतेक जाणकार धरून चालत होते, आणि मिंग राजवट सुरू झाली १३६८ मध्ये. त्याआधी युआन राजवट, म्हणजे मंगोलांची. मंगोल काळात असलं काम फार प्राथमिक असेल असा समज होता. आणि इथे तर १३५१ सालची, इतक्या सफाईची, एवढी मोठी जोडी! १९२० च्या दशकात एका चिनी विक्रेत्याने या फुलदाण्या लंडनला आणल्या तेव्हा कित्येकांना त्या बनावटच वाटल्या होत्या. ब्रिटिश म्युझियमच्या हॉबसन यांनी १९२९ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, तरीही फारशी खळबळ झाली नाही. जोडीही फुटली. दोघी दोन मालकांकडे गेल्या. त्यातला एक मालक म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन! दचकू नका, पेशवाई बुडवणारा तो नव्हे, त्याच नावाचा त्यानंतर शंभर वर्षांनी झालेला संग्राहक. डेव्हिड यांनी १९३० च्या दशकात दोन्ही मालकांकडून दोन्ही मिळवल्या आणि जोडी पुन्हा एकत्र केली. सेट होतं म्हणून नव्हे. एका फुलदाणीवरच्या लेखाचा दुसरीवरच्या लेखाशी ताळा घेता येतो म्हणून.

पुढे १९५० च्या दशकात जॉन पोप या अमेरिकन अभ्यासकाने या फुलदाण्या शेजारी ठेवून (म्हणजे फोटो आणि नोंदी ठेवून) तुर्कस्तान आणि इराणमधल्या राजसंग्रहांतली भांडी तपासली. ड्रॅगनचे खवले असे, लाटा अशा, पानं अशी, मग हे भांडंही त्याच काळातलं. अशी एकेक करत युआन काळाची सगळी रांग उभी राहिली. आपल्याकडे कॅलिब्रेशन करताना एक प्रमाण वजन लागतं, बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघतात. या फुलदाण्या म्हणजे ते प्रमाण वजन. १९६० च्या सुमारास दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या परिसरात तुघलकी महालाच्या जागी निळ्या चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले. तेही याच काळातले, हे ओळखता आलं ते अशाच ताळ्यामुळे. आणि योगायोग बघा, १३५१ सालीच मुहम्मद तुघलक मेला, ज्याने राजधानी आपल्या दौलताबादला आणली होती तो. इकडे तो मेला, तिकडे जिंगदेझेनला झांगच्या फुलदाण्या भट्टीतून निघाल्या. शिवाय त्या काळचं उत्तम कोबाल्ट चीनला इराणकडून जात असे. माती चीनची, निळाई इराणची, कानाला हत्ती. आमच्या जुन्नरजवळच्या नाणेघाटात तो दगडी रांजण आहे ना, ज्यात जकातीची नाणी टाकायचे असं सांगतात, त्याच्याशेजारी बसलं की कुठला माल कुठून कुठे जात असेल याचा विचार येतो. तसंच हे.

लेखात उल्लेख असलेलं धुपाटणं मात्र अजूनही कुणाला सापडलेलं नाही. मी तर म्हणते कुणाच्या तरी माळ्यावर असेल.

डेव्हिड यांचं सगळ्यांत मोठं सार्वजनिक काम म्हणजे १९३५-३६ च्या हिवाळ्यात लंडनला भरलेलं चिनी कलेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन. कल्पना त्यांची आणि संचालकही तेच. त्यांनी चीन सरकारला राजवाड्यातल्या वस्तू उसन्या द्यायला तयार केलं. चीनमध्ये यावर बरीच ओरड झाली. गेलेल्या वस्तू परत येतील का, ही शंका त्यांनी घेतली तर नवल नाही. आधीचा अनुभव तसाच होता. जपानच्या भीतीने १९३३ मध्ये राजवाड्यातल्या पेट्या दक्षिणेला शांघायला हलवल्या होत्या, तिथून निवडक वस्तू ब्रिटिश आरमाराच्या सफोक या युद्धनौकेतून गेल्या. तीन हजारांच्या आसपास वस्तू आणि चार लाखांहून जास्त प्रेक्षक. परत येताना रानपुरा नावाच्या बोटीतून येत होत्या तर ती बोट जिब्राल्टरजवळ रुतली! त्या दिवशी डेव्हिड यांचं काय झालं असेल याची कल्पना करा. सुदैवाने सगळं सुखरूप परत पोचलं. एकदा तरी वस्तू ठरल्याप्रमाणे चीनला परत गेल्या, आणि त्यात डेव्हिड यांचा हात होता. तारणाची गोष्ट सांगितली तर ही पण सांगायला हवी.

पुढचा भाग दुःखाचा आहे. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला तेव्हा डेव्हिड आणि त्यांच्या पत्नी शांघायमध्ये होते. जपान्यांच्या ताब्यात सापडले. पुढच्या वर्षी कैद्यांच्या अदलाबदलीत त्यांची सुटका होऊन ते आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. याच काळात त्यांना स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने गाठलं आणि नंतरचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. ज्या माणसाचं सगळं शास्त्रच भांडं हातात घेऊन, उलटं करून, बोट फिरवून बघण्याचं, त्याचे हात त्याचं ऐकेनासे झाले. हे मला फार लागलं. तरीही ग्रंथांचं काम चालूच होतं.

१९५० मध्ये त्यांनी सगळा संग्रह आणि आपली पुस्तकं लंडन विद्यापीठाला देऊन टाकली. त्याआधी वीसेक वर्षांपूर्वी त्याच विद्यापीठात चिनी कलेच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून त्यांनी पैसे दिले होतेच. गॉर्डन स्क्वेअरमधल्या ५३ नंबरच्या घरात १९५२ साली संग्रहालय उघडलं. घर साधंच, विद्यार्थी यायचे, बसून अभ्यास करायचे. एका विद्यार्थिनीच्या नजरेने पाहिलं तर मला हा निर्णय पटतो. विकले असते तर किती पैसे आले असते! ९ ऑक्टोबर १९६४ रोजी ते गेले. वडिलांना १९११ मध्ये मिळालेला बॅरोनेटचा किताबही त्यांच्याबरोबर संपला.

गॉर्डन स्क्वेअरचं ते घर पैशाअभावी २००७ च्या अखेरीस बंद झालं. २००९ पासून सगळी भांडी ब्रिटिश म्युझियममध्ये, ९५ नंबरच्या दालनात उसनी म्हणून होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये विश्वस्तांनी ती कायमची म्युझियमला देत असल्याचं जाहीर केलं. किंमत धरली गेली सुमारे एक अब्ज पौंड. ब्रिटनमधल्या कुठल्याही म्युझियमला मिळालेली ही सर्वांत मोठ्या किमतीची देणगी म्हणून बातम्या झाल्या. त्यातल्या एखाद-दुसऱ्या बातमीत डेव्हिड मुंबईत जन्मले एवढं अर्धं वाक्य होतं.

मुंबईला मग काय मिळालं? डेव्हिड यांच्याकडून यातलं काही नाही. पण अगदीच हिरमुसू नका. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा (आपण ज्यांना ओळखतो ते नव्हेत, त्यांच्या आधीचे, १९१८ मध्ये वारलेले) हेही चिनी भांडी आणि जेडच्या वस्तू जमवत. त्यांचा संग्रह १९२१ मध्ये आणि थोरले भाऊ सर दोराबजींचा १९३३ मध्ये मुंबईच्या म्युझियमला मिळाला. तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. आण्याहून माळशेजमार्गे कल्याण गाठलं की पुढे लोकलने सीएसएमटी, तिथून चालत पंधरा-वीस मिनिटं. आमचे बहुतेक इंडस्ट्रियल व्हिजिटवाले मुंबईला गेले की गेटवे बघून परत येतात, म्युझियम अगदी जवळ असून आत जात नाहीत. मागच्या सुट्टीत मी गेले. चिनी दालनात फारशी गर्दी नव्हती. काचेपाशी गुडघ्यावर बसून भांड्यांची बुडं दिसतात का ते बघत होते, तर तिथले काका जवळ येऊन काय हरवलंय का म्हणून विचारायला लागले.

घरी आल्यावर आजीची बरणीही उलटी करून पाहिली. आतलं लोणचं आधी दुसरीकडे काढून, अंघोळ करून, परवानगी घेऊन. बुडाला शिक्का नाही, अक्षरं नाहीत. कडेची झिलई गेलीय आणि एके ठिकाणी टवका उडालाय, तो माझ्या मामाने लहानपणी उडवलेला, हे मात्र आजीने तारीखवार सांगितलं.